नवी गाडी : पहिले हजार किलोमीटर जपून

वस्तीत नवी मोटारसायकल येते ती एकट्यासाठी नसते. हप्ता एक जण भरतो, पण गाडीवर सगळे घर बसते. सकाळी मुले शाळेत, मग स्वतः कामावर, संध्याकाळी आईला दवाखान्यात, रविवारी पाहुण्यांकडे. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, डाऊन पेमेंट विचारतो, हप्ते किती महिन्यांचे ते विचारतो. पहिले दोन महिने ही गाडी कशी चालवायची, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. शोरूमवाला चावी देतो, फोटो काढतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

आरोग्याच्या पानावर गाडीचे काय काम, असे कुणी म्हणेल. आम्ही अनेक वर्षे रुग्णालयात काम केले आहे. अपघात विभागात स्ट्रेचरवरून येणारी तरुण मुले कशावरून पडलेली असतात, ते आम्ही पाहिले आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्या एका वर्षात गेले. म्हणून मोटारसायकल हा आमच्या दृष्टीने आरोग्याचाच विषय आहे.

नव्या इंजिनात काय चालते?

नवा लोखंडी तवा आणला की पहिल्या दिवशी त्यावर भाकरी नीट होत नाही. तेल लावून, हळूहळू तापवून तो हाताला आणावा लागतो. नव्या इंजिनाचेही तसेच आहे. सिलिंडरची आतली भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसली, तरी तिच्यावर अतिशय बारीक रेघा असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून आपली जागा करून घेतात. गिअरचे दातही एकमेकांशी जुळतात. या काळात धातूचा बारीक चुरा सुटतो आणि इंजिन ऑईलमध्ये मिसळतो. पहिल्या सर्व्हिसिंगला ऑईल बदलतात ते यासाठीच.

या काळाला शोरूममध्ये आणि गॅरेजमध्ये ‘रनिंग-इन’ म्हणतात. रिंगा नीट बसल्या तर गाडी पुढे वर्षानुवर्षे चांगले मायलेज देते. नीट बसल्या नाहीत तर इंजिन ऑईल खाते, धूर सोडते आणि हप्ते फिटण्याआधीच काम काढते. ज्याच्या घरची चूल गाडीवर चालते, त्याला हे परवडत नाही.

पहिल्या हजार किलोमीटरचे नियम

गाडीबरोबर एक छोटी पुस्तिका मिळते. ती कपाटात टाकू नका. कोणत्या गिअरमध्ये किती वेग ठेवायचा, पहिली सर्व्हिसिंग केव्हा, टायरमध्ये हवा किती, हे सगळे तिच्यात असते. घरात शिकणारी मुलगी असेल तर तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. १०० ते १२५ सीसीच्या रोजच्या वापरातल्या अनेक गाड्या पहिल्या १००० किलोमीटरपर्यंत ताशी ५० किलोमीटरच्या आसपासच चालवायला सांगतात. तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा हाच खरा.

१) सकाळी गाडी चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट तशीच चालू द्या. ऑईल वरपर्यंत पोहोचू द्या. मग पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जा.

२) अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळू नका. झटक्याने पिकअप घेऊ नका.

३) एकाच वेगाने फार वेळ चालवू नका. वेग थोडा कमी, थोडा जास्त होत राहिला की रिंगा सगळीकडून सारख्या बसतात. त्यामुळे नवी गाडी लगेच हायवेला नेण्यापेक्षा गावातल्या रस्त्यावर चालवलेली बरी.

४) चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी हळू ओढत नेऊ नका. इंजिन थरथरायला लागले, खडखड आवाज आला, की गिअर उतरवा. हळू चालवणे म्हणजे जपणे असे बऱ्याच जणांना वाटते. पण वरच्या गिअरमध्ये गुदमरलेले इंजिन वेगात पळवलेल्या इंजिनाइतकेच झिजते.

५) उभ्या गाडीला रेस देऊ नका. मोटारसायकलचे इंजिन बहुधा वाऱ्याने थंड होते. उभ्या गाडीला वारा लागत नाही आणि ते भराभर तापते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नव्या गाडीला रेस देत चालणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. आवाजाने लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या कानांना त्रास होतो तो वेगळाच.

६) जड ओझे नको. दोन पोती तांदूळ, गॅसची टाकी, मागे दोन माणसे, असे पहिल्या महिन्यात तरी टाळा.

७) लांबचा प्रवास लगेच नको. दसऱ्याला गाडी घेतली आणि त्याच रात्री तिच्यावर नागपूरचा रस्ता धरला, असे करू नका. रेल्वे आहे, एसटी आहे.

डिलिव्हरीचे काम करणाऱ्या मुलांना आमचे खास सांगणे आहे. सर्व्हिसिंगच्या कार्डावर किलोमीटर आणि दिवस दोन्ही लिहिलेले असतात. यांपैकी जे आधी भरेल ते धरायचे. रोज शंभर किलोमीटर गाडी फिरत असेल, तर ५०० किलोमीटर पाच दिवसांत होतात. तुम्ही कार्डावरची तारीख बघत बसलात, तर तोवर चुरा मिसळलेले ऑईल महिनाभर इंजिनात फिरत राहील. पहिल्या सर्व्हिसिंगला मजुरी सहसा लागत नाही, ऑईलचे पैसे तेवढे द्यावे लागतात. त्या दिवसाचा रोज बुडतो हे आम्हाला कळते. पण सर्व्हिसिंग चुकवली तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि इंजिनाचे काम निघाले तर एका दिवसाऐवजी आठ दिवसांचा रोज बुडतो.

पहिल्या सर्व्हिसिंगला ऑईल बदलण्याबरोबर चेनचा ताण तपासून घ्या. नवी चेन सुरुवातीला सैल पडते. क्लच आणि ब्रेकची फ्री प्ले, नट-बोल्ट, आरसे, हेडलाईटची दिशाही बघायला सांगा. स्वतः शेजारी उभे राहा. काय केले ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

नवे टायर आणि नवे ब्रेक

टायर नवे असले तरी पहिल्याच दिवशी त्यांची पकड पुरी नसते. रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले दीड-दोनशे किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका. ओल्या रस्त्यावर तर नकोच. ब्रेकचे लायनरही याच काळात घासून बसतात. तोपर्यंत पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

ब्रेक कसा लावायचा हेही अनेकांना कुणी शिकवलेले नसते. फक्त मागचा ब्रेक दाबण्याची सवय असते, कारण पुढचा दाबला की माणूस उलटतो, असे कुणीतरी सांगितलेले असते. खरे असे आहे की ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेकच करतो. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, वाढत्या दाबाने लावावेत. पुढचा झटक्याने दाबू नये. वळणात, वाळूवर, शेणावर किंवा सांडलेल्या ऑईलवर ब्रेक मारू नये, वेग आधीच कमी करावा. २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत निदान जोडब्रेक असतो, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसरे चाकही थोडे धरते. त्याहून मोठ्या गाड्यांत एबीएस असते, ते चाक जाम होऊ देत नाही. आपल्या गाडीत काय आहे ते विचारून घ्या आणि रिकाम्या मैदानावर पाच-दहा वेळा ब्रेक लावून बघा. खरी वेळ येईल तेव्हा हाताला सवय असली पाहिजे.

पहिल्या पावसात रस्त्यावरचे ऑईल वर येते आणि रस्ता निसरडा होतो. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे, रेल्वेचे रूळ यांवर गाडी हमखास स्लीप होते. तिथे ब्रेकही नको आणि वळणही नको.

मागे बसणारीचे काय?

गाडीबद्दलचे सगळे बोलणे चालवणाऱ्यापुरतेच होते. मागे बसणारी बाई आणि मुले कुणाच्या हिशेबात नसतात. दवाखान्यात मात्र तीही येतात.

साडीचा पदर आणि ओढणी चाकात किंवा चेनमध्ये अडकली की बाई खाली फेकली जाते. ओढणी गळ्याभोवती असेल तर फास बसतो. गाडीवर बसण्याआधी पदर कमरेला खोचा. ओढणी छातीवरून घेऊन मागे गाठ मारा आणि टोके कुर्त्यात घाला. मागच्या चाकाजवळची साडीगार्डची जाळी, मागे बसणाऱ्याला धरायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे असायलाच हवेत. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून काही मुले जाळी काढून टाकतात. आयांनो, ती परत बसवून घ्या.

एका बाजूला पाय सोडून बसण्यापेक्षा दोन्हीकडे पाय टाकून बसणे अधिक सुरक्षित आहे. सलवार-कुर्ता असेल तेव्हा तसेच बसा. लोक काय म्हणतील याचा विचार नंतर करता येईल.

लहान मुलांची टाच स्पोकमध्ये सापडते आणि कातडी सोलून निघते. ही जखम महिनोन् महिने भरत नाही. मुलांच्या पायात बूट असावेत आणि पाय फूटरेस्टपर्यंत पोहोचत नसतील तर त्यांना एकटे मागे बसवू नये. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालवणाऱ्याला बांधलेला सुरक्षा पट्टा, मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. टाकीवर मूल बसवून गाडी चालवणे कौतुकाचे नाही. ब्रेक लागला की हँडलवर आधी त्याचेच डोके आपटते.

सायलेन्सरचा चटका पिंढरीला बसतो. असे झाले तर भाजलेली जागा वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतले काहीही लावू नका. फोड फोडू नका. मूल लहान असेल किंवा भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल, तर दवाखान्यात न्या.

गल्लीत आणि घरात

वस्तीत पार्किंग नाही, म्हणून रात्री गाडी घरात किंवा जिन्याखाली घेतली जाते. चोरीची भीती खरी आहे. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि गॅसची शेगडी, मेणबत्ती, उदबत्ती यांच्यापर्यंत पोहोचली की भडका उडतो. गाडी आत घ्यावीच लागत असेल तर पेट्रोल गळत नाही ना ते बघा, टाकी तोंडापर्यंत भरू नका, शेगडीपासून लांब ठेवा. बाहेर पडण्याच्या दाराच्या आड गाडी कधीही लावू नका.

बंद खोलीत इंजिन चालू करू नका, दोन मिनिटेसुद्धा नाही. धुरात कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते आणि माणूस तिथेच बेशुद्ध पडतो. गाडी ढकलत बाहेर न्या आणि मग चालू करा.

गल्लीत गाड्या अशा लावा की मधून स्ट्रेचर जाईल. रात्री कुणाच्या छातीत दुखले, कुणाला कळा सुरू झाल्या, तर ॲम्ब्युलन्स नाक्यावर उभी राहते आणि रुग्णाला चार गाड्या हलवून न्यावे लागते. यात जी मिनिटे जातात ती परत मिळत नाहीत.

हेल्मेट

हँडलला लिंबू-मिरची बांधून डोके वाचत नाही, हे या अंकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. डोके वाचते हेल्मेटने. जगभरातील अभ्यासांचा एकत्र विचार करून काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो.

रस्त्याच्या कडेला दीडशे-दोनशे रुपयांत मिळणारी टोपी ही पोलिसांसाठी असते, डोक्यासाठी नाही. हेल्मेटवर आयएसआयचे चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय नसलेले हेल्मेट विकणेच बेकायदा आहे. हेल्मेट घट्ट बसावे, मान हलवली तर ते गोल फिरू नये. पट्टा लावलाच पाहिजे. पट्टा न लावलेले हेल्मेट डोके जमिनीवर आपटण्याआधीच उडून जाते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून ठीक दिसले तरी बदला. केस गळतात, घाम येतो, म्हणून हेल्मेट नको असे मुले म्हणतात. आत सुती रुमाल बांधा आणि तो रोज धुवा. शोरूममधून दोन हेल्मेट घेऊनच घरी या, एक चालवणाऱ्याचे आणि एक मागच्याचे.

सर्दी-खोकल्याच्या आणि अंगावर खाज येण्याच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी घेतल्यावर गाडी चालवू नका. औषध देणाऱ्याला तसे विचारा. दारूबद्दल वेगळे सांगायला नको. थोडीशी घेतली तरी डोळा आणि हात यांचा मेळ सुटतो.

कागद नीट बघा

गिअरच्या मोटारसायकलीसाठी १८ वर्षे पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यातून आपल्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरले जाते, आपले नाही. गाडीच्या मालक-चालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा वेगळा असतो आणि तो अनेकदा एकाच वर्षाचा दिलेला असतो. पावतीवर त्याची मुदत बघा. तो मालकाच्याच नावाचा असतो आणि मालकाकडे लायसन्स लागते. गाडी आईच्या नावावर आहे, आईला लायसन्स नाही आणि चालवतो मुलगा, अशी घरे वस्तीत पुष्कळ आहेत. अशा घरात तो १५ लाखांचा विमा कुणाच्याच कामी येत नाही. शक्यतो जो चालवणार त्याच्या नावावर गाडी घ्या. शिवाय बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या प्रत्येकाने वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यावी. अपघाती मृत्यूला तीत २ लाख रुपये मिळतात.

अपघात झालाच तर

आधी १०८ ला फोन करा. जखमीला हातापायांना धरून घडी घालून रिक्षात कोंबू नका, मानेचा मणका मोडला असेल तर कायमचे लुळेपण येते. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पाणी, चहा तोंडात घालू नका.

डोक्याला मार लागला आणि माणूस उठून बसला, म्हणून घरी नेऊन झोपवू नका. उलट्या, गुंगी, बरळणे, झटके, कानातून-नाकातून रक्त किंवा पाणी येणे, एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसणे, यांतले काहीही पुढच्या २४ तासांत दिसले तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. दारूच्या नशेत आहे, झोपू द्या, असे म्हणून सकाळी मेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ५ मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात. रुग्णालयात या योजनेचे नाव घेऊन विचारा. त्यासाठी अपघाताची खबर पोलिसांकडे गेलेली असावी लागते, म्हणून खबर द्यायला टाळू नका.

आपल्या वस्तीत या महिन्यात कुणी नवी गाडी घेतली असेल, तर हे पान त्याच्या हातात द्या. पुस्तिका उघडून पहिल्या सर्व्हिसिंगचे किलोमीटर टाकीवर चिकटपट्टी लावून लिहा. विम्याच्या मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि दुसरे हेल्मेट अजून आणले नसेल, तर येत्या पगाराला आधी ते आणा.